टीप कोणाची, हे एकदा नियमात लिहा: कामगार मंत्र्यांना एका हॉटेल कामगाराचं खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

पत्र तुमच्या नावाने असलं तरी ते सगळ्यांसमोर लिहितोय. कारण ज्या पैशाबद्दल बोलायचं आहे तो सरकारचा नाही आणि मालकाचाही नाही. तो गिऱ्हाइकाने आमच्यासाठी ठेवलेला असतो. त्याचं पुढे काय होतं, हे गिऱ्हाइकालाही कळायला हवं.

मी गावाकडून येऊन हॉटेलात हेल्पर म्हणून लागलो. टेबलं पुसली, पाणी भरलं, मग वेटर झालो आणि आता एका रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आहे. या सगळ्या काळात घर पगार आणि टीप मिळूनच चाललं. पगारातून खोलीचं भाडं आणि गावी पाठवायचे पैसे निघतात. किराणा, मुलीच्या शाळेची रिक्षा, आईची औषधं हे सगळं टिपेतून. हॉटेल लाइनमधल्या कोणालाही विचारा, हिशेब थोड्याफार फरकाने असाच सांगेल. टीप आम्हाला चैनीसाठी मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या स्टाफ रूममध्ये एक चक्कर मारावी.

या पत्राला निमित्त दोन निर्णयांचं. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की रेस्टॉरंटांना बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा सूचना काढल्या होत्या, त्या न्यायालयाने उचलून धरल्या आणि विरोधात गेलेल्या रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा भुर्दंड लावला. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या. वेतन संहिता त्यातलीच एक. पहिल्या निर्णयाने गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार केला, दुसऱ्याने कामगाराच्या पगाराचा. गिऱ्हाइकाच्या खिशातून निघून कामगाराच्या हातात पडायचा जो पैसा आहे, त्याचा विचार मात्र दोन्हीकडे झालेला नाही.

सर्व्हिस चार्ज गेला याचं मला दुःख नाही, हे आधीच सांगतो. गिऱ्हाइकावर जबरदस्ती नको. पण तो खटला चालू होता तेव्हा मालक मंडळी सगळीकडे सांगत होती की हा पैसा कामगारांसाठी आहे. असेल तर आनंदच आहे. मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे बिलावर दहा टक्के लागायचे आणि महिन्याच्या शेवटी एका पाकिटात काही रक्कम मिळायची. एकूण किती जमले, किती जणांत वाटले, कोणाला किती गेले याचा कागद कधी समोर आला नाही. एकदा एका जुन्या वेटरने विचारलं, तर उत्तर मिळालं, "मिळतंय ते घे." पुढच्या आठवड्यापासून त्याची ड्यूटी टेरेसवरून काढून पार्सल काउंटरला लावली. पार्सल काउंटरला टीप नसते. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

मग निकाल आला, बिलातून सर्व्हिस चार्ज गेला. पुढच्याच महिन्यात बिलाच्या फोल्डरमध्ये हॉटेलचा क्यूआर कोड आला आणि खाली ओळ छापली, टीप द्यायची असल्यास याच कोडवर द्यावी. नोटा फोल्डरमध्ये ठेवायची सवय लोकांची तशीही सुटत चालली होती. आता सगळी टीप थेट हॉटेलच्या खात्यावर जाते. आम्हाला वेळेवर किती मिळते, पूर्ण मिळते का, हे तपासायला आमच्याकडे काहीही साधन नाही.

एका रात्री एक आजी नातवासोबत आल्या होत्या. जेवण झालं, बिल दिलं, मग नातवाला म्हणाल्या, यांना वेगळे दोनशे पाठव. त्याने कोड स्कॅन केला तेव्हा आजींनी मला विचारलं, "बाळा, हे पैसे तुलाच मिळतात ना?" काउंटरवर मालक बसलेले होते. मी मान हलवली. आजी समाधानाने गेल्या. ते दोनशे रुपये कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. त्या आजींची फसवणूक झाली असेल तर ती माझ्याइतकीच त्यांचीही झाली, एवढं तुम्ही लक्षात घ्यावं.

आता कायद्याचं बोलतो. मी वकील नाही, पण पोटाशी गाठ पडली की माणूस निकालही वाचायला शिकतो. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७०च्या दशकातच सांगून ठेवलं की टीप हा पगाराचा भाग नाही, ती बाहेरच्या माणसाने खुशीने दिलेली रक्कम आहे. पुढे २०१६ साली आयटीसी कंपनीच्या हॉटेलांचं प्रकरण तिथे गेलं. प्रश्न प्राप्तिकराचा होता: गिऱ्हाइकाने कार्डवर दिलेली टीप हॉटेलने कामगारांना वाटली, तर ती पगार समजून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापायचा का? न्यायालयाने नाही म्हटलं. ही रक्कम हॉटेलकडे विश्वस्त म्हणून येते, असं न्यायालयाने मानलं. इथवर वाचलं की बरं वाटतं. पण त्याच निकालात असंही आहे की टिपेची रक्कम मालकाकडे मागण्याचा निहित हक्क कामगाराला नाही, कारण ती रक्कम मुळात गिऱ्हाइकाच्या मर्जीची.

साहेब, आमचं सगळं अडलंय ते इथेच. तो खटला कराचा होता आणि त्यातलं हॉटेल टीप वाटत होतं, म्हणून भांडण त्या दिशेने गेलंच नाही. पण जे हॉटेल वाटतच नाही, किंवा अर्धी वाटतं, त्याचं काय? पैसे मालकाचे नाहीत, तो फक्त विश्वस्त. पण वेटर मागायला गेला तर त्याच्या हातात दाखवायला कलम नाही. रोख टीप होती तोवर हा प्रश्न निम्माच होता, कारण नोट गिऱ्हाइकाच्या हातातून आमच्या हातात यायची. कार्ड आणि यूपीआय आल्यापासून मध्ये मालकाचं खातं आलं. व्यवहार बदलला, नियम मात्र नोटांच्या काळात राहिले.

दुसरी तक्रार पगाराची, आणि ती टिपेपासून वेगळी काढता येत नाही. नोकरीला माणूस ठेवताना आमच्या धंद्यात एक वाक्य हमखास असतं: "पगार कमी वाटेल, पण इथे टीप चांगली आहे." म्हणजे जो पैसा मालक देणार नाही, त्याच्या भरवशावर मालक स्वतःचा पगार कमी करतो. राज्यात हॉटेल-उपाहारगृहांसाठी किमान वेतन ठरलेलं आहे, दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो, हे तुमच्या खात्याला माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे, कारण काही ठिकाणी त्याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. पगार मात्र तक्त्याप्रमाणे नसतो. मी अशी जागा पाहिली आहे जिथे खात्यावर पगार पूर्ण जमा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम काढून काउंटरला रोख परत द्यावी लागायची. कागद एकदम स्वच्छ. इन्स्पेक्टर आला तरी त्याला काही सापडणार नाही, जोवर तो पोरांना मालकापासून बाजूला घेऊन विचारत नाही.

टीप पगारात धरली जात नाही याचा फटका पुढे आयुष्यभर बसतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं त्या छोट्या पगारावर. गृहकर्ज मागायला गेलं की बँक सॅलरी स्लिप बघते, आणि घर चालतं त्यातला मोठा भाग त्या स्लिपवर नसतोच. आजारी पडून घरी राहिलो तर पगार कदाचित मिळेल, टीप नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि राज्यात हॉटेलात बसून जेवायला परवानगी मिळाली ती थेट ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. मधले ते सगळे महिने टीप शून्य होती. ज्यांचा पगार किमान वेतनाएवढाही नव्हता त्यांनी ते दिवस कसे काढले ते मी पाहिलंय. ओडिशाची, बंगालची, नेपाळची पोरं निघून गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. तेव्हा कोणी मालक म्हणाला नाही की टीप नाही तर पगार वाढवतो.

म्हणून टीप पगारात धरा, अशी माझी मागणी आहे असं कृपा करून समजू नका. ती वाट फार वाईट आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीचे किमान वेतनापर्यंतचे पैसे टिपेतून भरून आले पाहिजेत, नाही आले तर मालकाने भरायचे. हा २.१३चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांसारख्या सात राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही, तिथे पूर्ण किमान वेतन आधी आणि टीप वर. आपल्याकडे कायद्याने तशी सवलत नाही ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात तीच पद्धत चालू आहे, फक्त कमी पडलं तर भरून देण्याची जबाबदारी कोणावरच नाही. त्याच अमेरिकेत २०१८ पासून मालकाला आणि मॅनेजरला कामगारांच्या टिपेतला वाटा ठेवता येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

कापाकापीबद्दल थोडक्यात सांगतो. ग्लास फुटला, कापा. ऑर्डर चुकली, बिल वेटरच्या नावावर. गिऱ्हाईक बिल न देता निघून गेलं तर त्या टेबलचा वेटर भरणार. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, हे १९३६च्या वेतन प्रदान कायद्यातच होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. पण आमच्याकडे ही वसुली पगारातून होतच नाही. ती टिपेच्या डब्यातून होते. पगारातून कापलं तर कायदा विचारेल, टिपेतून कापलं तर कोण विचारणार?

डबा कसा वाटला जातो तेही तुम्हाला माहीत असावं. रात्री शेवटचं टेबल उठलं, शटर अर्धं खाली आलं की काउंटरवर दिवसाची टीप मोजली जाते. पॉइंट, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, ठरलेले असतात: कॅप्टनला जास्त, वेटरला त्याहून कमी, हेल्परला त्याच्या निम्मे. भांडी घासणाऱ्याला कुठे अर्धा पॉइंट, कुठे काहीच नाही. किचनचा वाटा आचाऱ्यांच्या हट्टावर. मी कॅप्टन असल्याने मला जास्त मिळतात, आणि तरीही सांगतो की ही वाटणी कोणी ठरवली, कधी बदलली, याचा लेखी नियम हवा. आम्ही आपसात वाद घालू, तडजोड करू, ते आमचं आम्ही बघू. पण मोजणी सुरू होण्याआधी वरून "ब्रेकेज" म्हणून एक रक्कम बाजूला जाते, आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या नातेवाइकालाही पॉइंट लागतात, तेव्हा तो डबा आमचा राहत नाही.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. जागेचं भाडं, गॅस, भाजीचे भाव, घरपोच जेवण देणाऱ्या ॲपचं कमिशन हे सगळं मी जवळून बघतो. लहान हॉटेलवाला स्वतः पहाटे मार्केटला जातो आणि रात्री स्वतः शटर ओढतो. अशा अनेक मालकांनी टिपेच्या पैशाला कधी बोट लावलेलं नाही, उलट सणाला स्वतःचे पैसे घालून वाटलेत. मी जे मागतोय त्याने त्यांचा एक रुपयाही खर्च वाढणार नाही. ज्याचा वाढेल, तो आज आमचा पैसा वापरतोय.

हे अशक्यही नाही. ब्रिटनने २०२३ साली टिपेच्या वाटपाचा स्वतंत्र कायदा केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू आहे. टीप मिळाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ती कामगारांना पूर्ण द्यायची, मालकाने मध्ये काही कापायचं नाही. वाटपाचं धोरण लेखी हवं. नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि कामगाराने मागितल्या तर दाखवायच्या. सर्व्हिस चार्जही यातच धरलाय. आपल्याकडच्या यूपीआयवर प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप राहते. नोंद आहे, फक्त ती आम्हाला दिसत नाही.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, वेतन संहितेखाली राज्याचे नियम करण्याचा अधिकार तुमच्या सरकारला आहे आणि गरज पडली तर वेगळा कायदाही करता येतो. म्हणून माझं मागणं तुमच्याकडे.

गिऱ्हाइकाने टीप म्हणून दिलेली रक्कम, मग ती रोख असो, कार्डवर असो वा क्यूआर कोडवर, ती कामगारांची आहे आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे, असं स्पष्ट शब्दांत लिहा. मालकाच्या खात्यावर आलेली टीप किती दिवसांत द्यायची ती मुदत ठरवा. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असं संहिता सांगते, टिपेलाही तीच तारीख लावली तर लक्षात ठेवायला सोपं जाईल. तिच्यातून ब्रेकेज, चुकलेली ऑर्डर, पळालेलं गिऱ्हाईक, कार्ड मशीनचं कमिशन, काहीही कापायला बंदी घाला. मालक, त्याचे कुटुंबीय आणि पगारावरचा मॅनेजर यांना वाटा नको.

प्रत्येक हॉटेलात टिपेचं रजिस्टर असावं: रोज किती जमले, कोणाला किती गेले. ते कामगाराला कधीही पाहता यावं. सर्व्हिस चार्ज किंवा स्टाफसाठी म्हणून दुसऱ्या कोणत्याही नावाने, गिऱ्हाइकाच्या खुशीने का होईना, पैसे घेतले जात असतील तर ते याच रजिस्टरमध्ये यावेत. आणि वाटप कसं होतं त्याचा एक साधा फलक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा, म्हणजे आजींना मला विचारायची वेळ येणार नाही.

किमान वेतनाची तपासणी करताना खात्यावरच्या जमा रकमेवर थांबू नका. तुमच्या अधिकाऱ्यांनी कामगारांशी मालकाच्या गैरहजेरीत, त्यांना समजेल अशा भाषेत बोलावं. जेवण-राहणं देतो म्हणून पगार किमानच्या खाली आणला असेल, तर तोही कमी पगारच समजावा. नव्या संहितांप्रमाणे नेमणूक पत्र सगळ्यांना द्यायचं आहे. हॉटेलातल्या किती पोरांच्या हातात ते आलं, हे एकदा मोजून जाहीर करा.

शेवटची मागणी तक्रारीची. सर्व्हिस चार्ज जबरदस्तीने लावला तर गिऱ्हाइकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. वेटरला टीप मिळाली नाही तर त्याने कोणाला फोन करायचा? आमच्यातली बरीच पोरं हॉटेलच्याच खोलीत झोपतात. नोकरी गेली की त्याच रात्री डोक्यावरचं छप्परही जातं. म्हणून तक्रार करणाऱ्याचं नाव मालकापर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था हवी, आणि तक्रारीनंतर महिन्याभरात कोणाची ड्यूटी बदलली किंवा कोणाला काढलं, तर त्याचं कारण मालकाला द्यावं लागावं.

या पत्राच्या खाली मी माझं नाव लिहिलेलं नाही. शेवटची मागणी मान्य झाली तर पुढचं पत्र नावानिशी लिहीन. तोवर आमच्या संघटनांना आणि मालकांच्या संघटनांना एकत्र बोलवा, नियमाचा मसुदा मराठीत आणि हिंदीत जाहीर करा आणि हरकती-सूचनांसाठी मुदत द्या. ती मुदत दुपारच्या सुट्टीत वाचून उत्तर देता येईल इतकी तरी असावी, आम्हाला तेवढाच वेळ मिळतो.

उत्तराची वाट पाहतोय.

आपला,
एक हॉटेल कामगार